सही नसलेले पत्रक

अमेरिकेतील वर्णभेदविरोधी लढ्याची हकिकत सांगायची झाली की एक चित्र हमखास पुढे येते. डिसेंबरातली संध्याकाळ, दिवसभराच्या शिवणकामाने दमलेली एक बाई, बसमधील एक आसन, आणि उठण्यास दिलेला शांत नकार. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली, आणि तिथून पुढे ३८१ दिवसांचा बसबहिष्कार, तरुण मार्टिन ल्यूथर किंग यांचा उदय, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय असा हा क्रम आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेला असतो. चित्र खोटे नाही, पण ते इतके सुटसुटीत आहे की त्याविषयी शंका यावी. पार्क्सबाईंनी स्वतःच आपल्या आत्मकथनात शारीरिक थकव्याची गोष्ट नाकारली आहे. त्या १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. त्याच साली याच बसचालकाने त्यांना एकदा बसमधून खाली उतरवले होते. सारांश, १९५५ ची ती संध्याकाळ अचानक उगवलेली नव्हती.

प्रस्तुत लेखात आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते त्या अटकेकडे नव्हे, तर त्याच रात्री लिहिल्या गेलेल्या एका पत्रकाकडे. ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने लिहिले. त्यावर तिची सही नव्हती. साहित्याच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या मजकुराकडे वळण्याचे कारण एवढेच की तो आपल्याच पेशातल्या माणसाचा आहे, आणि आपण ज्याला गद्यलेखन म्हणतो त्याच्या कोणत्याही इतिहासात त्याला जागा मिळालेली नाही.

प्रथम त्या बसविषयी. माँटगोमेरीच्या बसमध्ये ३६ आसने असत. पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव. बस रिकामी असली, एकही गोरा प्रवासी नसला, तरी त्या आसनांवर कृष्णवर्णीयाने बसायचे नाही. समोर रिकामी बाके आणि मागे दाटीवाटीने उभी असलेली माणसे हे दृश्य नित्याचे होते. मागची १० आसने कृष्णवर्णीयांची मानली जात. मधली १६ कोणाची हे चालक ठरवी. गोरा प्रवासी वाढला की त्या मधल्या पट्ट्यातली एक अख्खी रांग उठायची, कारण एकाच रांगेत गोरा व काळा शेजारी बसू शकत नव्हते. पार्क्सबाई बसल्या होत्या त्या रांगेत चौघे होते आणि उभा असलेला गोरा प्रवासी एकच होता, तिघे उठले. भाडे दहा सेंट. ते पुढच्या दाराने चढून चालकापाशी भरायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचे, आणि तेवढ्यात बस सुटली तर पैसेही गेले. चालकांना पोलिसांचे अधिकार होते. आणि ज्या बसमध्ये हे सारे चाले तिचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीयच होते.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. शहराच्या मूळ नियमात, दुसरी जागा रिकामी असल्याखेरीज कोणाही प्रवाशास बसल्या जागेवरून उठवता येणार नाही, अशी तरतूद होती. ट्रामगाड्यांत भेदाचा नियम १९०० साली लागू झाला तेव्हाही तेथील कृष्णवर्णीयांनी बहिष्कार पुकारला होता, आणि ही तरतूद त्या काळातली. पुढच्या अर्धशतकात ती कागदावर राहिली व बहिष्कार विस्मरणात गेला. कायद्याने आखलेली रेघ मुळातच अन्यायाची होती. तिच्यावर रूढीने आणखी एक रेघ ओढली. मराठी वाचकाला येथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, आणि तरीही १९२७ साली त्या तळ्याचे पाणी पिणाऱ्यांना मार खावा लागला. फरक असा की महाडात कायदा पुढे होता आणि रूढी त्याला अडवत होती, तर माँटगोमेरीत कायदा आणि रूढी हातात हात घालून चालत होत्या. साम्याच्या उत्साहात हा फरक पुसला जाऊ नये असे आम्हाला वाटते.

जो अ‍ॅन रॉबिन्सन यांचा जन्म १९१२ चा, जॉर्जिया राज्यातील एका शेतकरी कुटुंबात, बारा भावंडांत सर्वांत धाकट्या. १९४९ साली त्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवण्यास आल्या. हे कॉलेज केवळ कृष्णवर्णीयांचे, पण चाले सरकारी पैशावर, आणि ते सरकार पूर्णतः गोऱ्यांचे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे. त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीसाठी निघालेल्या रॉबिन्सनबाई जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पाचव्या रांगेत बसल्या. चालकाने बस थांबवली, तो हात उगारून अंगावर ओरडत आला, आणि त्या रडत खाली उतरल्या. सुशिक्षित, नोकरदार, व्यवस्थित पोशाखातली प्राध्यापिका. भेदाच्या व्यवस्थेत शिक्षणाला कवचाची किंमत नव्हती, हे त्यांना त्या दिवशी अंगावर शिकावे लागले.

शहरात तेव्हा ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ नावाची कृष्णवर्णीय स्त्रियांची संस्था होती. ती १९४६ साली स्थापन केली मेरी फेअर बर्क्स यांनी. त्या याच कॉलेजात इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या. म्हणजे एका साहित्यविभागातून दोन अध्यक्षा निघाल्या: आधी बर्क्स, मग १९५० पासून रॉबिन्सन. सभासद बहुतेक शिक्षिका. त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केले, शिष्टमंडळे नेली. २१ मे १९५४ रोजी, म्हणजे शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्राउन निकालानंतर चौथ्याच दिवशी, रॉबिन्सनबाईंनी महापौर गेल यांना एक पत्र लिहिले.

ते पत्र म्हणजे विनयाच्या भाषेचा उत्तम नमुना आहे. सुरुवात आभारांनी होते. मागण्या तीनच: कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत यावे, म्हणजे कोणाला उठावे लागणार नाही, पुढे भाडे भरून मागच्या दाराने चढण्याची सक्ती नसावी, गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते तशी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतही थांबावी. भेद नष्ट करा असे कोठेही म्हटलेले नाही. अलाबामातल्याच मोबाइल शहरात अशी बैठक चालू होती, तेवढीच माँटगोमेरीला हवी होती. मग मात्र सूर न बदलता एक वाक्य येते की प्रवाशांत तीन चतुर्थांश आम्ही आहोत आणि पंचवीसहून अधिक संस्थांत बसने प्रवासच न करण्याची चर्चा चालू आहे. अर्जाच्या मायन्यात लपेटलेली ही सरळ ताकीद होती. महापौरांनी मायना वाचला, ताकीद वाचली नाही. अर्जाची भाषा ऐकण्याची सवय झालेल्या सत्तेला त्या भाषेतला दुसरा अर्थ ऐकू येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

बहिष्काराची कल्पना पार्क्सबाईंच्या अटकेआधी दीड वर्ष कागदावर होती, ती अशी. मध्यंतरी संधी येऊन गेली. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्विन ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी आसनावरून उठली नाही. पोलिसांनी तिला बेड्या घालून नेले. फेब्रुवारीभर शाळेत आपल्या लोकांचा इतिहास शिकून ती नुकतीच बाहेर पडली होती. शिक्षकांनी शिकवलेले विद्यार्थी खरेच ऐकतात याचे हे उदाहरण म्हणावे, आणि शिक्षकांनाच ते झेपले नाही असेही म्हणावे. नेत्यांनी विचार केला आणि मुलगी फार लहान आहे, गरीब वस्तीतली आहे, तापट आहे असे ठरवून प्रकरण पुढे नेले नाही. पुढे ती अविवाहित अवस्थेत गरोदर असल्याचे कळल्यावर तर तिचे नाव मागेच पडले. ऑक्टोबरात मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या तरुणीला अटक झाली, तिचेही तेच. सोज्वळ, मध्यमवयीन, विवाहित, चर्चला जाणारी नायिका लागत होती. लढणाऱ्या समाजालाही आपल्या नायिकेचा आदर्श विरोधकाच्या नजरेतून घडवावा लागतो, हे आम्हाला या हकिकतीतले सर्वांत कडवट सत्य वाटते. त्या नेत्यांना दोष देणे आज सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून निराळे काही ठरवता आले असते, हे मात्र आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गुरुवारी १ डिसेंबरला पार्क्सबाईंना अटक झाली. रेल्वेच्या शयनयानांतील सेवकांच्या संघटनेचे कार्यकर्ते ई. डी. निक्सन यांनी त्यांना जामिनावर सोडवले. तरुण वकील फ्रेड ग्रे रात्री उशिरा गावी परतले आणि त्यांनी रॉबिन्सनबाईंना फोन केला. त्या कोणाची परवानगी घेण्यास थांबल्या नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास कॉलेजात गेल्या. वाणिज्य विभागाचे प्रमुख जॉन कॅनन यांच्याकडे सायक्लोस्टाइल यंत्राची सोय होती. ते आले, दोन विद्यार्थी आले. स्टेन्सिल कापून एका कागदावर तेच पत्रक तीनदा छापले, म्हणजे कागद वाचेल. पहाटे चारपर्यंत हजारो प्रती निघाल्या, कापल्या, गठ्ठे बांधले. कोणता गठ्ठा कोणत्या शाळेत, कोणत्या दुकानात, कोणाच्या हाती द्यायचा याचा तक्ता झाला. सकाळी आठ वाजता बाईंनी आपला तास घेतला, आणि तास संपल्यावर त्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन गाडीतून पत्रके वाटण्यास निघाल्या.

आता मजकूर. तो आम्ही उद्धृत करीत नाही, त्याची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. पहिलाच शब्द ‘आणखी एक’ या अर्थाचा. आणखी एका निग्रो स्त्रीला (त्या काळचा हा शब्द) अटक झाली आहे. पार्क्स हे नाव पत्रकात नाही. ज्या नावाने पुढे हा लढा जगभर ओळखला गेला ते नाव त्याच्या पहिल्या दस्तऐवजात अनुपस्थित आहे. नाव आहे ते कॉल्विनचे, मागच्या प्रकरणाची आठवण म्हणून. व्यक्ती बाजूला सारून मालिका दाखवायची, ही त्या एका शब्दाची कामगिरी. मग हिशेब: आपण बसमध्ये चढलो नाही तर बस चालणार नाही. मग सर्वनाम बदलते आणि मजकूर वाचणाऱ्याच्या अंगावर येतो: पुढच्या वेळी तुम्ही असाल, तुमची मुलगी असेल, तुमची आई असेल. आणि अखेरीस अगदी व्यवहाराची भाषा. सोमवारी खटला आहे. त्या दिवशी बसमध्ये बसू नका. एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल. कामावर जायचे तर टॅक्सी करा नाहीतर पायी जा. येशूचे नाव नाही, घटनेचे नाव नाही, स्वातंत्र्य हा शब्द नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईने दाराशी उभ्याउभ्या वाचावे आणि शेजारणीला द्यावे, एवढ्याच मापाचे ते गद्य आहे. किंगांच्या वक्तृत्वावर अभ्यासकांनी भरपूर लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पण सोमवारी सकाळी बसगाड्या रिकाम्या धावल्या त्या या गद्यामुळे. किंगांचे होल्ट स्ट्रीट चर्चमधले भाषण त्याच दिवशी संध्याकाळी झाले.

पत्रकावर सही का नव्हती, याचे उत्तर त्याच शुक्रवारी मिळाले. कॉलेजचे अध्यक्ष ट्रेनहोम यांनी बाईंना बोलावून घेतले. त्यांच्या हाती पत्रक होते. सरकारी कॉलेजचा कागद, सरकारी यंत्र, आणि सरकारविरुद्ध मजकूर. उद्या विधिमंडळाने अनुदान बंद केले तर शेकडो मुलांच्या शिक्षणाचे काय? बाईंनी कागदाचे पैसे भरून देण्याचे कबूल केले, आणि त्यांच्या संस्थेने ते दिले. ट्रेनहोम मनाने विरोधात नव्हते. सावध राहा, पुढे येऊ नका, एवढेच त्यांचे सांगणे होते. त्यानंतर रॉबिन्सनबाई पडद्यामागे राहिल्या. नव्या माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशनचे अध्यक्षपद २६ वर्षांच्या किंगांकडे गेले; ते गावात नवे होते, आणि कोणाच्या गटातटात नव्हते. वाटाघाटींत रॉबिन्सनबाई बसल्या, संघटनेचे वार्तापत्र त्यांनी चालवले. पुढारपण धर्मोपदेशकांकडे जाणे स्वाभाविकही होते. त्यांचा पगार गोऱ्या सरकारच्या हाती नव्हता.

निनावीपणाचा दुसरा प्रकार जॉर्जिया गिलमोर यांचा. या स्वयंपाकीण बाईंनी शेजारणींना जमवून पाव-चिकन, केक, पाय करून विकले आणि पैसे दर सभेत बहिष्काराच्या फंडाला दिले. करणाऱ्या व विकत घेणाऱ्या कित्येकजणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नावे फुटली तर नोकऱ्या जातील. म्हणून मंडळाचे नावच ठेवले ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कोठून आले? कोठूनच नाही. गिलमोरबाईंनी किंगांवरील खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची स्वतःची नोकरी गेली. मग त्यांनी आपल्या घरीच खाणावळ काढली. गाड्यांची व्यवस्था, तिचे सुमारे तीनशे खासगी वाहनांचे जाळे, थांबे, पेट्रोल, या सर्वांमागे असा पैसा होता. टॅक्सीवाले दहा सेंटांत माणसे नेऊ लागले तेव्हा पालिकेने किमान ४५ सेंट भाड्याचा नियम बाहेर काढला. गोऱ्या गृहिणींना आपल्या मोलकरणींना गाडीतून आणू-पोचवू नका असे महापौरांना सांगावे लागले. गृहिणींनी ते फारसे ऐकले नाही. घरातली भांडी कोण घासणार, या प्रश्नापुढे वर्णाभिमानही कधी कधी हतबल होतो.

एका गोऱ्या बाईंचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. जुलिएट मॉर्गन या शहराच्या ग्रंथालयात काम करीत. १२ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे पत्र स्थानिक दैनिकात आले. त्यात त्यांनी या बहिष्काराची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. किंगांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले आहे की अशी तुलना सर्वप्रथम त्यांनी केली. हे पत्र मात्र सहीचे होते. धमक्यांचे फोन, दारावर दगड, ग्रंथालयातून त्यांना काढावे म्हणून दबाव; ओळखीच्यांनी बोलणे सोडले. जुलै १९५७ मध्ये त्यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला. त्यांनी राजीनामा दिला आणि जीवन संपवले. त्याच शहराने २००५ साली आपल्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले.

छळ रॉबिन्सनबाईंच्याही वाट्याला आला. खिडकीची काच फोडली गेली, गाडीवर आम्ल ओतून तिला भोके पाडण्यात आली. दोन्ही कृत्ये पोलिसांची. फेब्रुवारी १९५६ मध्ये १९२१ च्या एका बहिष्कारविरोधी कायद्याखाली कित्येक जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांत त्याही होत्या. त्याआधी किंगांच्या आणि निक्सन यांच्या घरांवर बाँब पडले होते.

बस जिंकली गेली ती मात्र न्यायालयात, आणि त्या दाव्यात पार्क्सबाई नव्हत्या. १ फेब्रुवारी १९५६ ला दाखल झालेल्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या दाव्यात अखेरपर्यंत टिकलेल्या वादी चौघी: ऑरेलिया ब्राउडर, सत्तरी ओलांडलेल्या सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन. जिला नायिका म्हणून नाकारले होते ती मुलगी मे महिन्यात तान्हे मूल घरी ठेवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ५ जून रोजी तिघा न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मताने बसमधील भेद घटनाबाह्य ठरवला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि २१ डिसेंबर १९५६ रोजी लोक बसमध्ये परतले. भेद संपवण्याची मागणी त्या विनयशील पत्रात नव्हती, बहिष्काराच्या सुरुवातीच्या अटींतही नव्हती; महापौरांनी थोडके देण्यास नकार दिला म्हणून ती वाढत गेली. कॉल्विनच्या नावावरील बालगुन्हेगारीची नोंद न्यायालयाने पुसली ती २०२१ साली.

विजयानंतरचे आठवडे पुस्तकांत सहसा येत नाहीत. बसगाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. एका गरोदर स्त्रीच्या पायांना जखमा झाल्या. जानेवारी १९५७ मध्ये एका रात्रीत चार चर्चवर बाँब पडले. त्याच वर्षी माँटगोमेरीने गोऱ्या-काळ्यांनी एकत्र पत्ते वा सोंगट्या खेळण्यास मनाई करणारा नियम केला, आणि बागा खुल्या कराव्या लागू नयेत म्हणून १९५९ पासून सगळ्याच बागांना कुलूप लावले. बागांविरुद्धच्या दाव्यात वादी होत्या त्याच जॉर्जिया गिलमोर.

आणि कॉलेज? फेब्रुवारी १९६० मध्ये अलाबामा स्टेटच्या विद्यार्थ्यांनी न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात बैठा सत्याग्रह केला. राज्याच्या शिक्षणमंडळाने नऊ जणांना काढून टाकले, गव्हर्नरांनी प्राध्यापकांची चौकशी लावली, इतिहासाचे प्रमुख लॉरेन्स रेडिक बडतर्फ झाले. इंग्रजी विभागातून त्या वर्षी मेरी फेअर बर्क्स आणि जो अ‍ॅन रॉबिन्सन दोघींनी राजीनामे दिले. रॉबिन्सनबाई एक वर्ष लुइझियानातील ग्रॅम्बलिंग कॉलेजात होत्या. नंतर लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांत शिकवत राहिल्या आणि १९७६ साली निवृत्त झाल्या. त्या रात्रीची हकिकत त्यांच्या सहीनिशी छापली गेली ती १९८७ साली, टेनेसी विद्यापीठाच्या मुद्रणालयातून. पुस्तकाच्या नावात त्यांनी बहिष्काराबरोबर तो सुरू करणाऱ्या स्त्रियांचाही उल्लेख केला, अनेकवचनात.